डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, मग गावात लाईट का जाते?
वाऱ्याची वीज तयार कशी होते, जाते कुठे, आणि घरावर पंखा लावण्याआधी कोणता हिशेब करावा

बेळगाव : यल्लम्माच्या दर्शनाला सौंदत्तीकडे जाणाऱ्यांना ते दृश्य नवं नाही. दूरवर डोंगराच्या माथ्यावर पांढरे उंच खांब आणि त्यावर संथ फिरणारी तीन-तीन पाती. गदगच्या बाजूला कप्पतगुड्डच्या परिसरात तर रांगाच्या रांगा दिसतात. सांगली जिल्ह्यात ढालगाव, साताऱ्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे, इंदूरकरांना देवासजवळची जामगोदरानीची टेकडी, सगळीकडे हेच चित्र. आपल्याकडे कुणी त्यांना पवनचक्की म्हणतं, कुणी सरळ ‘फॅन’.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या पश्चिम भागातील एक शेतकरी हातात कोटेशन घेऊन भेटायला आले. घराच्या छतावर एक किलोवॅटचा छोटा फॅन बसवायचा, ‘आयुष्यभर फुकट वीज’ असं विक्रेत्यानं सांगितलेलं. आगाऊ रक्कम भरायची तारीख जवळ आली होती. त्यांचे प्रश्न दोनच होते. “सौंदत्तीला एवढे फॅन फिरतात, मग आमच्याकडं दर पावसाळ्यात लाईट का जाते? आणि माझ्या घरावर मी एक लावला तर पंप चालेल काय?”

हे दोन्ही प्रश्न बऱ्याच वाचकांच्या मनात असतात. त्यामुळे मुळापासून समजून घेऊ.

सायकलचा डायनामो आठवा

चाळिशी ओलांडलेल्यांना सायकलचा डायनामो आठवत असेल. टायरला घासून ती छोटी बाटली फिरायची आणि पुढचा दिवा लागायचा. आत एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढंच. तारेजवळ चुंबक फिरलं की तारेत वीज वाहू लागते. हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं आणि धरणावरच्या वीजघरापासून कोळशाच्या केंद्रापर्यंत बहुतेक ठिकाणी आजही तेच वापरतात. फरक फक्त चुंबक फिरवतं कोण याचा. धरणात पाणी, कोळशाच्या केंद्रात वाफ आणि पवनचक्कीत वारा.

घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. पवनचक्की वारा घेते आणि वीज देते. पण वारा पात्याला नुसता ढकलतो असं नाही. पात्याचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. एका बाजूने हवा जास्त वेगाने सरकते, तिथला दाब कमी होतो आणि पातं त्या बाजूला ओढलं जातं. म्हणून तीन बारीक पाती एवढं मोठं यंत्र फिरवू शकतात.

मोठ्या पवनचक्कीची पाती मिनिटाला साधारण १० ते २० फेरे घेतात. लांबून ती आळसावल्यासारखी वाटतात, पण ११० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १२ फेरे घेत असेल तर पात्याचं टोक ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने जात असतं. खांबाच्या डोक्यावर जो डबा दिसतो, त्यात बहुतेक यंत्रांमध्ये गिअरबॉक्स असतो. तो हे संथ फेरे वाढवून जनरेटरला मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांपर्यंत नेतो. काही कंपन्यांची यंत्रं गिअरबॉक्सशिवायही चालतात.

डब्यावर वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारी उपकरणं असतात. वारा फिरला की मोटारी अख्खा डबा त्या दिशेला वळवतात. वाऱ्याचा वेग ताशी ११ ते १४ किलोमीटर झाला की वीज तयार व्हायला लागते, साधारण ४० ते ४५ किलोमीटरला यंत्र पूर्ण क्षमतेवर येतं आणि ९० च्या पुढे गेला की पाती कडेवर वळवून यंत्र स्वतःच थांबतं. वादळात फॅन बंद दिसतो तो बिघडला म्हणून नव्हे, मोडू नये म्हणून.

दुप्पट वारा, आठपट वीज

पवनचक्कीच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी हीच विक्रेते सांगत नाहीत.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण सोपं आहे. वेग दुप्पट झाला तर एका सेकंदात पात्यांमधून दुप्पट हवा जाते. शिवाय त्या हवेतल्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते. दोन गुणिले चार, आठ. उलट बाजूही तेवढीच खरी. वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते.

आता छतावरच्या छोट्या फॅनचा हिशेब करू. पात्यांचा व्यास दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट धरा. वाऱ्यात जेवढी ताकद असते तेवढी सगळी काढता येत नाही. अगदी आदर्श यंत्रालाही ५९ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं. सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यामागे जागेवरच थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला वाटच राहणार नाही. छोट्या यंत्रातून प्रत्यक्षात ३० टक्के मिळाले तरी पुष्कळ. त्या हिशेबाने:

वारा ताशी ११ किलोमीटर : सुमारे १५ वॅट. एक एलईडी बल्ब.

वारा ताशी २२ किलोमीटर : सुमारे १२० वॅट. दोन सीलिंग फॅन कसेबसे.

वारा ताशी ४३ किलोमीटर : सुमारे ९८० वॅट. हाच तो कोटेशनवर लिहिलेला ‘एक किलोवॅट’.

म्हणजे यंत्र खोटं नाही, आकडाही खोटा नाही. पण तो आकडा ताशी ४३ किलोमीटर वाऱ्याचा आहे. एवढ्या वाऱ्यात झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरणं अवघड होतं. तसा वारा आपल्या छतावर वर्षातले किती तास असतो, हा खरा प्रश्न.

गावात, घरं-झाडांच्या मध्ये, छताच्या उंचीवर वर्षाचा सरासरी वारा ताशी १४ किलोमीटर धरू. अधूनमधून येणारे जोराचे झोत हिशेबात घेतले तरी या फॅनमधून दिवसाला एक ते दीड युनिट मिळेल. एक किलोवॅटचं सोलर मात्र आपल्या भागात दिवसाला सरासरी चार युनिट देतं.

आणि पंप? पाच एचपीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॅट. तो पाच तास चालवायला १८ युनिटच्या वर वीज लागते. छतावरचा फॅन बारा ते अठरा दिवस जेवढी वीज देईल, तेवढी पंप एका दिवसात संपवेल.

मग डोंगरावरचे का परवडतात?

तीन कारणं आहेत : आकार, उंची आणि जागा.

पात्यांचा व्यास दुप्पट केला की वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं. ११० मीटर व्यासाच्या चक्राचं क्षेत्र साधारण साडेनऊ हजार चौरस मीटर, म्हणजे दोन एकरांहून जास्त. दोन मेगावॅटचं असं यंत्र ताशी २२ किलोमीटर वाऱ्यातही ५०० किलोवॅटच्या आसपास वीज देतं. त्याच वाऱ्यात आपला छतावरचा फॅन १२० वॅटवर होता.

उंचीचं म्हणाल तर जमिनीलगतचा वारा झाडं, घरं, बांध यांना अडखळत येतो. जसजसं वर जावं तसा तो वेगवान आणि सरळ होतो. म्हणून खांब ८०, १०० मीटर आणि आता त्याहूनही उंच. आणि जागा म्हणजे डोंगराचा माथा, खिंड, समुद्रकिनारा, जिथे वारा एकवटतो. देशातल्या पहिल्या पवन प्रकल्पांपैकी एक १९८६ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभा राहिला, गुजरातमधलं ओखा आणि तमिळनाडूचा किनारा यांच्याबरोबर. तेव्हाचं एक यंत्र ५५ किलोवॅटचं होतं. आजचं एकेक यंत्र दोन-तीन मेगावॅटचं असतं आणि देशाची एकूण क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. गुजरात आणि तमिळनाडू आघाडीवर आहेत, कर्नाटक त्यांच्यामागे.

मात्र मोठं यंत्रही वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. वर्षाची सरासरी २५ टक्के धरली तर दोन मेगावॅटचं यंत्र सुमारे ४४ लाख युनिट देतं. महिना १०० युनिट वापरणारी साडेतीन हजारांहून जास्त घरं यात भागतील.

मग ती वीज गावात का येत नाही?

साडेतीन हजार घरांची वीज एका खांबावर तयार होते, आणि खाली वस्तीत मेणबत्ती. हा राग समजण्यासारखा आहे. पण विजेचा रस्ता पाहिला की कारण कळतं.

मोठ्या पवनचक्कीत वीज साधारण ६९० व्होल्टला तयार होते. खांबाच्या आत किंवा पायथ्याशी ट्रान्सफॉर्मर असतो, तो ती ३३ हजार व्होल्टला चढवतो. अशा अनेक पवनचक्क्यांच्या लाईन एका सबस्टेशनला जातात. तिथे दाब आणखी वाढवून ती राज्याच्या मोठ्या टॉवर लाईनला जोडली जाते. म्हणजे ओढ्यांचं पाणी नदीत गेलं तसं. नदीत गेल्यावर हे पाणी कुठल्या ओढ्याचं, हे सांगता येत नाही.

तुमच्या घरात येणारी वीज त्या मोठ्या लाईनवरून उतरत उतरत, ११ हजार व्होल्टच्या गावलाईनने, शेवटच्या डीपीवरून येते. पावसाळ्यात लाईट जाते ती बहुतेक वेळा याच शेवटच्या टप्प्यात. झाडाची फांदी पडली, जंपर तुटला, डीपी जळाला. त्या वेळी डोंगरावरची वीज दुसऱ्याच रस्त्याने निघून जात असते. ती गावलाईनला जोडलेलीच नसते.

पवनचक्की ज्या लाईनला जोडलेली आहे तीच बंद पडली, तर ती आपणहून थांबते. बंद लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये आणि यंत्रालाही धोका होऊ नये, म्हणून तशी सक्तीची व्यवस्था असते. त्यामुळे ‘लाईट गेली तर फॅनची तरी द्या’ हे यंत्राला जमणारं नाही. आणि शेतीला थ्री फेज किती तास द्यायचं हे हेस्कॉम किंवा महावितरणचं वेळापत्रक ठरवतं, डोंगरावरचा वारा नाही.

वीज राज्याची हद्दही मानत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. तेव्हापासून गदगचा वारा, कच्छचा वारा आणि चंद्रपूरचा कोळसा एकाच जाळ्यात आहेत. गोव्याला लागणारी बहुतेक वीज बाहेरूनच येते, तीही याच जाळ्यातून.

पवनचक्की उभी कुणासाठी राहिली?

इथे थोडा जमाखर्च पाहायला हवा. दोन हजारच्या दशकात पवनचक्क्या एवढ्या झपाट्याने का उभ्या राहिल्या? एक मोठं कारण आयकराचं होतं. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवता येत असे. म्हणजे एक कोटीचं यंत्र घेतलं तर ८० लाख रुपये नफ्यातून वजा. कर ३० टक्के धरला तर २४ लाख त्याच वर्षी वाचले. त्यामुळे कापड गिरण्या, कारखाने, ज्यांचा विजेशी काही संबंध नाही असे व्यावसायिकही पवनचक्कीचे मालक झाले. काहींनी वारा नीट नसलेल्या जागीही यंत्रं उभी केली. हा दर २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. त्याच वर्षी केंद्राच्या पहिल्या लिलावात पवन विजेचा दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. आता यंत्राने वीज जास्त दिली तरच मालकाला परवडतं.

वीज विकण्याचे मार्ग साधारण दोन. एक, वीज कंपनीशी करार. दुसरा, कारखानदार आपली पवनचक्की डोंगरावर लावतो, वीज ग्रिडमध्ये सोडतो आणि तेवढे युनिट आपल्या कारखान्याच्या बिलातून वजा करून घेतो. त्यासाठी लाईनचं भाडं भरतो. दोन्ही व्यवहारांत खालच्या गावाचा वीज म्हणून वाटा नाही. गावाला मिळतं ते जमिनीचे पैसे, थोडा रोजगार आणि पंचायतीला काही कर. म्हणूनच गावकऱ्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न जमिनीच्या कागदाचा आहे. साताऱ्याच्या पाटण भागात मोबदल्यावरून आंदोलनं झाली ती याच कारणाने.

वारा आणि शेतीचं जमत का नाही?

आपल्या पठारावर वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा याच महिन्यांत येतो. पण तेव्हा पाऊस असतो, पंप बंद असतो. पंप लागतो फेब्रुवारी-मार्चला, उसाला आणि भाजीला पाणी द्यायला, आणि तेव्हा वारा बराचसा पडलेला असतो. ऊन मात्र कडक असतं. म्हणून शेतातल्या पंपासाठी सोलर चाललं, फॅन नाही.

राज्याच्या पातळीवर हेच गणित फायद्याचं ठरतं. पावसाळ्यात ढगांमुळे सोलर कमी पडतं तेव्हा वारा असतो. सोलर संध्याकाळी बंद होतं, वारा रात्रीही वाहतो. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. पण ते ग्रिडमध्ये, एका शेतात नव्हे.

घरी किंवा शेतावर फॅन घ्यावा का?

छोट्या पवनचक्कीच्या संचात पाती, जनरेटर, वीज एका दिशेची करणारा कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर असतात. बॅटरीचं आयुष्य काही वर्षांचंच आणि ती बदलण्याचा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो.

समजा सगळा खर्च दीड लाख आला. दिवसाला सव्वा युनिट म्हणजे वर्षाला ४५० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाची बचत सव्वातीन हजारांच्या आत. दीड लाख वसूल व्हायला ४५ वर्षांच्या वर. तुमच्या कोटेशनचे आकडे घालून हाच हिशेब करा.

त्यात कर्नाटकात गृहज्योतीमुळे २०० युनिटच्या मर्यादेत, मागच्या सरासरी वापरानुसार, घरगुती वीज मोफत आहे. दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपालाही मोफत आहे. महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंत तशी योजना आहे. बिल शून्य येत असेल तर फॅनने वाचवायचं काय? छतावरच्या सोलरला पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. घरगुती पवनचक्कीचा त्या योजनेत समावेश नाही.

छोटा फॅन उपयोगी पडतो ती ठिकाणं वेगळी. जिथे लाईन पोहोचलेलीच नाही असं माळावरचं किंवा किनाऱ्यावरचं एकटं घर, जिथे वारा मोकळा आहे आणि सोलरच्या जोडीला रात्रीसाठी थोडा आधार हवा आहे.

सही करण्याआधी एवढं विचारा

• कोटेशनवरचा किलोवॅट किती वेगाच्या वाऱ्याला? ताशी १५ किलोमीटर वाऱ्याला किती वॅट, हे लेखी द्या.

• वर्षाला किती युनिट, याची लेखी हमी आहे का?

• दाखवलेला वाऱ्याचा नकाशा किती उंचीचा? चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे प्रामुख्याने ५० ते १५० मीटर उंचीचे आहेत. तो वारा तुमच्या छतावर नसतो.

• खांब किती उंच? दीडशे मीटरच्या परिघातल्या झाडा-घरांपेक्षा पाती किमान ३० फूट वर हवीत. छतावर घोंघावणारा वारा यंत्र थरथरवतो आणि स्लॅबलाही त्रास देतो.

• मोठ्या कंपनीला जमीन देत असाल तर विक्री आहे की भाडेपट्टा? किती वर्षांचा? भाडं दरवर्षी किती वाढणार? रस्ता, लाईन आणि क्रेनच्या जागेचे पैसे वेगळे आहेत का? मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार?

• सीमाभागात हे कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर ओळखीच्या वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या. कंपनीच्या माणसाने तोंडी सांगितलेल्या अर्थावर सही करू नका.

कोटेशन घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्यांनी यातला पहिला प्रश्न फोनवरूनच विक्रेत्याला विचारला. ‘साहेबांना विचारून सांगतो’ असं उत्तर आलं. लेखी आकडा येईपर्यंत आगाऊ रक्कम भरायची नाही, असं त्यांनी ठरवलं आहे.